तटस्थ, अलिप्त आणि मध्यम : सागरी राजकारणातल्या तीन शब्दांविषयी

विचारणा (सांगली)

मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात उत्तरपत्रिका तपासताना एका विद्यार्थिनीने लिहिलेले ‘अमेरिका व चीन यांच्या सागरी स्पर्धेत इंडोनेशिया तटस्थ आहे’ हे वाक्य समोर आले आणि मी सवयीने ‘तटस्थ’ खोडून त्यावर ‘अलिप्त’ लिहिले. तास संपल्यावर ती कागद घेऊन आली. ‘बाई, तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. मग अलिप्त म्हणजे पाण्यात उतरूनही न भिजलेला का?’ असे तिने विचारले, आणि मला तिचे समाधान होईल असे उत्तर देता आले नाही. या दोन शब्दांतला नेमका भेद कोणता? शिवाय ‘मिडल पॉवर’ यासाठी वृत्तपत्रे ‘मध्यम सत्ता’ लिहितात, ते योग्य आहे की ‘मधली सत्ता’ म्हणावे, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद (सातारा)

ताई, तुमच्या विद्यार्थिनीने शब्द फोडून पाहिला, यातच निम्मे उत्तर आले आहे. ‘तटस्थ’ हा आंतरराष्ट्रीय कायद्यात मुख्यतः युद्धकाळातला दर्जा आहे. दोन राष्ट्रांत युद्ध सुरू असताना जे तिसरे राष्ट्र कोणत्याही बाजूला लष्करी मदत करत नाही, ते तटस्थ. ‘अलिप्त’ राष्ट्राने मात्र लष्करी गटात सामील न होण्याचे ठरवलेले असते. मत न देण्याचे नव्हे. 1955 साली बांडुंगच्या आशियाई-आफ्रिकी परिषदेला जमलेल्या आणि 1961 साली बेलग्रेडला पहिली अलिप्त परिषद भरवणाऱ्या राष्ट्रांनी वसाहतवादावर आणि अण्वस्त्रांवर स्पष्ट मते मांडली होती, तेव्हा त्यांना काठावर बसलेले म्हणणे अन्यायाचे ठरेल. म्हणून तुमची दुरुस्ती चुकीची नव्हती, पण अपुरी होती असे मला वाटते, कारण ‘अलिप्त’ हा शब्द काय करायचे नाही तेवढेच सांगतो.

इंडोनेशियाचा स्वतःचा शब्द ‘बेबास-अक्तिफ’ असा आहे, म्हणजे ‘स्वतंत्र आणि सक्रिय’. त्याचे मूळ तिथले तत्कालीन पंतप्रधान मोहम्मद हत्ता यांच्या 2 सप्टेंबर 1948 च्या भाषणात सापडते. आपल्याला अमेरिका किंवा रशिया यांतला एकच पर्याय आहे का, असा प्रश्न त्यांनी त्यात उपस्थित केला होता, आणि ‘दोन खडकांमधून वल्हवत जाणे’ ही प्रतिमा त्याच भाषणाशी कायमची जोडली गेली. या प्रतिमेत माणूस नावेत आहे, हातात वल्हे आहे आणि खडक दोन्ही बाजूंना आहेत. काठ कुठेच नाही.

हे नीट समजण्यासाठी आपल्या ‘सामुद्रधुनी’ या शब्दाकडे पाहावे. ‘धुनी’ म्हणजे संस्कृतात नदी. अमरकोशात नदीच्या नावांत तो शब्द आहे. मलाक्काची सामुद्रधुनी ही अशीच समुद्राची नदी आहे. सिंगापूरजवळच्या फिलिप्स चॅनेलमध्ये तिची रुंदी 3 किलोमीटरपेक्षाही कमी होते, आणि चीन-जपानकडे जाणाऱ्या तेलाचा मोठा भाग तिच्यातून जातो. तिचा एक तीर मलेशियाचा आणि दुसरा सुमात्राचा, म्हणजे इंडोनेशियाचा. जे राष्ट्र स्वतःच तट आहे, ते तटस्थ कसे राहणार? त्यांच्या भाषेत मातृभूमीला ‘तानाह आइर’ म्हणतात, शब्दशः ‘जमीन-पाणी’. 1957 च्या जुआंदा घोषणेने त्यांनी बेटांच्या मधले पाणीही देशाचाच भाग असल्याचे जाहीर केले, आणि 1982 च्या सागरी कायदा करारात द्वीपसमूह राष्ट्राची ही कल्पना मान्य झाली.

‘मध्यम’ या शब्दाबद्दल मला आग्रहाने लिहावेसे वाटते, कारण तो इंग्रजीवरून ओढून आणलेला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘मध्यम’ ही राजाची पारिभाषिक संज्ञा आहे. ज्याची भूमी विजिगीषू, म्हणजे जिंकू पाहणारा राजा, आणि त्याचा शत्रू या दोघांच्याही भूमीला लागून आहे, जो त्या दोघांवर एकत्र किंवा वेगवेगळा अनुग्रह करू शकतो, आणि ते एकत्र आलेले नसतील तर एकेकाला रोखूही शकतो, तो मध्यम. येथे आकार मोजलेला नाही. जागा आणि सामर्थ्य मोजले आहे. या सगळ्यांपासून दूर असलेल्या आणि मध्यमापेक्षाही बलवान असलेल्या राजाला कौटिल्याने ‘उदासीन’ असे वेगळे नाव दिले आहे. ‘मधली सत्ता’ म्हटले की केवळ मोठ्या आणि लहान यांच्यामधला क्रमांक डोळ्यांपुढे येतो, म्हणून ‘मध्यम’च ठेवावे.

टीकाकार अशा राष्ट्राला ‘दोन डगरींवर हात ठेवणारे’ म्हणतात, कोणी ‘तळ्यात-मळ्यात’ म्हणतात. अमेरिकेबरोबर दरवर्षी ‘सुपर गरुड शील्ड’ हा लष्करी सराव आणि चीनच्या साहाय्याने जकार्ता-बांडुंग वेगवान रेल्वे, ही दोन्ही कामे एकच देश करतो, हे खरे आहे. पण तळ्यात-मळ्यात खेळणारा पोर दुसऱ्याच्या हाकेवर उडी मारतो. येथे हाक कोणाची हे तपासल्याशिवाय ती म्हण लावू नये.

प्रतिसाद (तासगाव)

वरील विवेचन पटले, मात्र वल्हे हातात असूनही नाव खडकाला घासते, ते एखाद्या शब्दामुळे, हे नोंदवले पाहिजे. नोव्हेंबर 2024 मध्ये इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष प्राबोवो बीजिंगला गेले असताना निघालेल्या संयुक्त निवेदनात ‘परस्परांवर येणाऱ्या दाव्यांच्या क्षेत्रात’ संयुक्त विकास करण्याचा उल्लेख आला. दक्षिण चीन समुद्रावरचा आपला दावा दाखवण्यासाठी चीन नकाशावर काढतो त्या नऊ तुटक रेषांना कायद्याचा आधार नाही, म्हणून त्या समुद्राच्या दक्षिण टोकाशी असलेल्या आपल्या नातुना बेटांच्या उत्तरेस आपला चीनशी सीमावाद नाहीच, अशी इंडोनेशियाची अनेक वर्षांची भूमिका आहे. 2017 साली नातुनाच्या उत्तरेकडील आपल्या पाण्याचे नावही त्यांनी ‘उत्तर नातुना समुद्र’ केले. निवेदनातल्या त्या एका शब्दाने दावा मान्य केल्यासारखे झाले, आणि त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाला लगेच खुलासा करावा लागला.

आमच्या भागात हे समजावून सांगावे लागत नाही. माझ्या चुलत्यांच्या उसाच्या रानाचा बांध शेजाऱ्याने दोन पावसाळ्यांत हातभर कोरला. मोजणीच्या वेळी कागदावर ‘वादग्रस्त बांध’ असे लिहिले गेले, चुलत्यांनी ते न वाचता अंगठा उठवला, आणि पुढे दर सुनावणीला ‘वाद आहे हे तुम्हीच मान्य केले आहे’ हे एकच वाक्य त्यांना ऐकावे लागले. बांध त्यांचाच होता. वाद मात्र त्यांनी स्वतःच्या अंगठ्याने उभा केला होता.

प्रतिसाद (सांगली)

दोघांचीही मी मनापासून आभारी आहे. यावरून आठवले, 1974 ते 1977 या काळात परराष्ट्रमंत्री असलेले यशवंतराव चव्हाण आपल्याच देवराष्ट्रेचे. ते गाव त्यांच्या जन्माच्या वेळी सातारा जिल्ह्यात होते, आता सांगलीत आहे. त्याच काळात, 1976 साली, भारताने सागरी क्षेत्रांचा कायदा करून किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यावरचे आर्थिक हक्क निश्चित केले. त्या पट्ट्याला आज काही वृत्तपत्रे ‘विशेष आर्थिक क्षेत्र’ म्हणतात, आणि विद्यार्थ्यांना ते निर्यातीच्या कारखान्यांचे क्षेत्र वाटते. मी वर्गात ‘अनन्य आर्थिक क्षेत्र’ हाच शब्द वापरते आणि तोच रूढ व्हावा असे मला वाटते.

उत्तरपत्रिकेतली माझी दुरुस्ती मी काल खोडली आणि समासात लिहिले : ‘इंडोनेशिया हे मध्यम राष्ट्र असून त्याचे धोरण स्वतंत्र व सक्रिय आहे, उदाहरण द्यावे.’ तिने खाली पेन्सिलीने ‘नातुना’ एवढेच लिहून कागद परत दिला आहे.