घाना: किल्ले, जंगल, योगासनं आणि शाळेला मदत, आठ दिवस पुरतील?

नऊजणी: आम्ही मैत्रिणी, सगळ्या पन्नाशीपुढच्या. जानेवारीत घाना ठरतंय. गुलामांच्या व्यापाराचे किल्ले, काकुमचं जंगल, समुद्रकाठी योगासनं आणि एका शाळेत वह्यावाटप. इथूनच दोन बॅगा भरून वह्या न्याव्यात म्हणतोय.

अक्राकर: सहा वर्षं घानाच्या राजधानीत, अक्रात आहे. दिवस पुरतील, पण केप कोस्टचा किल्ला आणि काकुम एकाच दिवशी कोंबू नका. माझ्या ताईला मी तसं नेलं, ती चूकच झाली. किल्ल्यात गुलाम पुरुषांच्या कोठडीत उजेड जेमतेम, आणि बरोब्बर त्या कोठडीच्या डोक्यावर इंग्रजांचं प्रार्थनाघर! बाहेर आल्यावर ताई तासभर बोललीच नाही. तिला दुपारी काकुमच्या झुलत्या पुलावर काय चढवणार? पूल सात आहेत, पाय ठेवायला अरुंद फळी. तिथे वेगळ्या दिवशी, सकाळी लवकर जा. एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी 1482 मध्ये बांधायला घेतला. तोही निवांत बघा.

वह्यांचं ओझं आणू नका. मुख्याध्यापकांना आधी विचारा, काय हवं ते इथल्याच बाजारात घ्या. आणि पोरांना रांगेत उभं करून फोटो नकोत, प्लीज.

नऊजणी: बरं, बॅगा रद्द! आणि योगासनं?

अक्राकर: करा की. पण पाण्यात शिरू नका, ओढ फार. जानेवारीत हरमॅटनचा कोरडा वारा असतो, टाचा फुटतात. बाजारातलं शिआ बटर चोळा.

लसवाली: पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घ्या. लस घेतल्याचं पिवळं कार्ड हँडबॅगेत ठेवा, परतताना मुंबईतही मागतात.