मदत हवी आहे: जर्मन बी-वन पास झाले, पण समोरचा काय बोलतोय ते कळत नाही

नमस्कार मंडळी,

स्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गावात राहते. नवऱ्याच्या ब्लू कार्डामुळे (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा राहण्याचा परवाना) इथे आले. ब्लू कार्डवाल्यांच्या जोडीदाराला व्हिसासाठी ए-वनची, म्हणजे भाषेच्या सगळ्यात पहिल्या पातळीची, अट नसते, त्यामुळे विमानातून उतरले तेव्हा जर्मनचं ओ की ठो कळत नव्हतं. मग फोल्क्सहोखशूलेचे (प्रौढशिक्षण केंद्राचे) संध्याकाळचे वर्ग केले आणि ग्योथे संस्थेची बी-वन, म्हणजे मधल्या पातळीची परीक्षा, दिली. चारही मोड्यूल सुटले. वाचन आणि लेखनात मस्त मार्क, श्रवणात मात्र काठावर (१०० पैकी ६० लागतात). प्रमाणपत्रावर ते 'पास' म्हणूनच दिसतं, पण रोजच्या जगण्यात तोच काठ नडतोय.

व्याकरणाबद्दल तक्रार नाही. उलट मराठी माणसाला जर्मनमध्ये बरंच काही फुकटात मिळतं असं माझं मत आहे. तीन लिंगं आहेत हे कळल्यावर वर्गातले तुर्की लोक हवालदिल झाले होते, त्यांच्या भाषेत लिंगच नाही. आपल्याला तो-ती-ते अंगवळणी पडलेलं असतं. कुठल्या नामाचं लिंग कुठलं हे पाठ करावं लागतंच, पण तिसरं लिंग कशाला, असा प्रश्न पडत नाही. 'वाइल' (कारण) आलं की क्रियापद वाक्याच्या शेवटी ढकलायचं, हेही आपल्याला नवं नाही. आकड्यांत एकक आधी, दशक नंतर, आपल्या एकवीस-बावीससारखंच. तेव्हा 'जर्मन फार अवघड गं बाई' हा माझा सूर नाही.

घोडं अडतं ते कानापाशी.

शेजारच्या आजी सत्तरीपुढच्या, अतिशय प्रेमळ, पण बोलतात ते श्वेबिश, इथली बोली. 'इस्ट'चं (आहे) 'इश', 'निश्त'चं (नाही) 'नेट', शब्दांची शेपटं गिळलेली आणि दिसेल त्या नामाला '-ले' चिकटवलेलं. कुंपणापाशी गाठ पडली की त्या बोलत राहतात आणि मी मान डोलावत राहते. नंतर घरात येऊन विचार करते, आपण कशाकशाला हो म्हटलं असेल? किटातल्या (बालवाडीतल्या) पालकसभेत तर वीसेक आईबाप एकमेकांचं वाक्य तोडत बोलतात. एक शब्द पकडेपर्यंत विषय बदललेला असतो. फोनचं तर विचारूच नका. समोर माणूस असला की ओठ, हात, चेहरा यांचा आधार असतो. डॉक्टरांच्या दवाखान्यातली बाई फोनवर एका दमात जे म्हणते, त्यातून मला फक्त शेवटचं 'च्यूस' (बाय) कळतं.

आणि शहरात गेलं की उलटी तऱ्हा. तिथे बोलणं स्वच्छ असतं, पण मी जरा अडखळले की समोरचा लगेच इंग्रजीवर येतो. भलेपणानेच करतो, मला कळतं. पण माझा सराव तिथेच संपतो.

घरात कोणी जर्मन बोलायला नाही. ब्लू कार्डवर कायमचा परवाना बी-वन असेल तर २१ महिन्यांनी आणि नुसतं ए-वन असेल तर २७ महिन्यांनी मिळू शकतो (बाकीच्या अटी पूर्ण होत असतील तर). नवऱ्याचं ऑफिस इंग्रजीत चालतं, त्यामुळे तो ए-वन आणि २७ महिन्यांवरच समाधानी होता. (तो हा धागा वाचणार आहे. वाचू दे.) मी अकाउंट्सवाली. बुखहाल्टुंगच्या (हिशेबनीसाच्या) जाहिरातींत बी-वनच्या वरची बी-टू, कुठेकुठे त्याहून वरची सी-वन पातळी मागतात. म्हणजे ही निव्वळ हौस नाही, पुढे नोकरी करायची आहे.

करून पाहिलेलं सांगते, म्हणजे तेच पुन्हा सुचवायला नको. डॉइचे वेलेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या ऐकते. त्या कळतात, पण त्या वेगाने गावात कोणीच बोलत नाही. मालिका जर्मन सबटायटल लावून बघते, तर डोळे वाचत बसतात आणि कान सुट्टीवर जातात. टँडेम पार्टनरही (एकमेकींना आपापली भाषा शिकवणारी जोडीदारीण) मिळाली होती, पण गप्पा रंगल्या की दोघी इंग्रजीत घसरायचो.

विचारायचं हे की, कान तयार करण्यासाठी नक्की काय केलंत? 'ऐकत राहा, आपोआप येईल' हे उत्तर कृपया नको, ते मी स्वतःलाच बरेच दिवस देतेय. बोलीच्या मागे आत्ताच लागावं की आधी बी-टू उरकावं? आणि लोकांना जर्मनवरच कसं ठेवायचं, तेही उद्धट न वाटता?

प्रतिसाद

ट्यूबिंगनकडे राहतो, त्यामुळे आजींचा प्रश्न पूर्ण समजला.

जास्त ऐकू नका, कमी ऐका. साधारण एक मिनिटाचा तुकडा घ्या, नेहमीच्या वेगातला आणि ज्याची लिखित प्रत मिळते असा. सबटायटल बंद. ऐका, थांबवा, ऐकलं ते लिहा. कळलं नाही तिथे रेघ ओढा. चारपाच फेऱ्या झाल्यावरच लिखित प्रत उघडा. तुमच्या रेघा कुठे पडल्या ते बघितलंत की कळेल, अनोळखी शब्द त्यात थोडेच असतात. बाकी सगळे ओळखीचेच असतात, पण बोलताना आखडलेले: 'हास्ट डू'चं 'हास्टं', 'हाबं इश'चं 'हाबिश'. वर्गात शिक्षक प्रत्येक अक्षर सुटं उच्चारतात, म्हणून आपला कान सुट्या अक्षरांची वाट बघत बसतो. शिवाय 'हाल्ट', 'माल', 'डोख', 'एबन' असले भरतीचे शब्द वाक्यात जागोजागी पेरलेले असतात. सुरुवातीला त्यांचा अर्थ लावत बसायचं नाही, सरळ सोडून द्यायचे. मी त्यांच्यावर अडायचो आणि तोवर मुख्य क्रियापद निघून जायचं.

श्वेबिशला सुद्धा नियम आहेत. 'स्ट' दिसला की 'श्ट' समजा, म्हणजे अर्धं काम झालं. आणि वेळेचं जपा: इकडचे लोक 'फिअर्टल नॉइन' म्हणतात तेव्हा सव्वाआठ वाजलेले असतात, सव्वानऊ नव्हे. 'ड्रायफिअर्टल नॉइन' म्हणजे पावणेनऊ. अपॉइंटमेंट घेताना आकड्यांत विचारून घ्या.

प्रतिसाद

इंग्रजीवर येणाऱ्यांसाठी: तो इंग्रजीत बोलला तरी तुम्ही जर्मन सोडायचं नाही. बस्स. दोनतीन वाक्यांत बहुतेक लोक परत येतात. नाहीच आला तर 'क्योनन विअर बिटं डॉइच श्प्रेखन? इश लेर्नं नोख' (जर्मनमध्ये बोलू या का? मी अजून शिकतेय) म्हणा आणि हसा. याला कोणी उद्धट म्हणणार नाही, उलट खूश होतात. मात्र गर्दीच्या वेळी काउंटरवर हा प्रयोग नको, मागच्या रांगेचाही विचार करावा.

बोलीबद्दल माझं मत वेगळं आहे. आत्ता तिच्या मागे लागू नका. नोकरीची मुलाखत प्रमाण जर्मनमध्येच होणार. बी-वननंतर नोकरीसाठीचे भाषावर्ग, बेरूफ्सश्प्राखकुर्स, असतात, बी-टूचेही. आर्बाइट्सआगेंटूरमध्ये (सरकारी रोजगार कार्यालयात) नोकरी शोधणारी म्हणून नाव नोंदवा आणि त्या कोर्सबद्दल विचारा. आजींशी गप्पा नंतरही होतील.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. रेघा ओढायचा प्रयोग आज रात्रीच करते. आगेंटूरचं माहीत नव्हतं, मला वाटायचं ते फक्त नोकरी गेलेल्यांसाठी असतं.

पण आजी 'नंतर' हे काही पटत नाही हो. दिवसभरात माझ्याशी जर्मन बोलणारी तीच एक व्यक्ती आहे. तिला बाजूला ठेवून मी बी-टूचं पुस्तक उघडायचं?

प्रतिसाद

आजींना अजिबात सोडू नका! उलट त्यांनाच विचारा, गावात आल्बफेराइनची शाखा आहे का. श्वेबिशर आल्बफेराइन ही १८८८ पासूनची पदभ्रमण संस्था आहे, गावोगावी शाखा आहेत. मी तिथेच बोलायला शिकले. लायब्ररीतल्या श्प्राखकॅफेतही (गप्पांतून भाषेचा सराव करायच्या बैठकीत) जायचे, वाईट नव्हतं, पण तिथे सगळेच माझ्यासारखे शिकणारे. चालताना कसं असतं, एका वेळी एकच माणूस शेजारी असतो, तासभर तरी असतो, आणि विषय पायाखालचा: वाट, झाड, पाऊस, गुडघे. गुडघ्यांवर तर मी आता श्वेबिशमधून भाषण देऊ शकेन. शिवाय ही बहुतेक ज्येष्ठ मंडळी, इंग्रजीवर यायचा प्रश्नच नाही. कळलं नाही तर थांबवून विचारते, ते पुन्हा सांगतात. कोणालाच घाई नसते.

पालकसभेसाठी: आमंत्रणासोबत बहुधा विषयपत्रिका येते. आदल्या रात्री त्यातले शब्द बघून जा, म्हणजे निदान गाडी कुठल्या विषयावर आहे ते कळतं. नंतर इतिवृत्त येत असेल तर तेही मागून घ्या.

आणि डॉक्टरांकडे फोन करण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा: नाव आणि जन्मतारीख, काय होतंय, कधी यायला जमेल. ती बाई साधारण हेच विचारते, क्रम तेवढा बदलतो. सुरुवातीलाच 'बिटं लांगजाम' (जरा सावकाश) म्हणून टाका. तरी ती भरभर बोललीच तर फक्त तारीख आणि वेळ तुम्ही स्वतः म्हणून दाखवा आणि तिच्याकडून हो किंवा नाही घ्या. बाकीचं नाही कळलं तरी चालतं.

धागाकर्ती

आल्बफेराइनचं आत्ताच आजींना विचारून आले. उत्तर लांबलचक होतं. त्यातून मला 'रविवार', 'बूट' आणि 'फिअर्टल त्सेन' एवढं कळलं. म्हणजे सव्वानऊ ना? कोणीतरी खात्री करा प्लीज.

प्रतिसाद

सव्वानऊच. पाच मिनिटं आधी पोचा.