मदत हवी आहे: ए३२० वरून कार्गोकडे जाताना बोइंग रेटिंगचं काय?

नमस्कार मंडळी. मी एका प्रवासी विमान कंपनीत एअरबस ए३२० वर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट आहे. दोन हजारांच्या वर उड्डाणाचे तास, एटीपीएल (कॅप्टन होण्यासाठी लागणारं लायसन्स) हातात, क्लास वन मेडिकल (वैमानिकाचं वैद्यकीय प्रमाणपत्र) चालू. ब्लू डार्ट एव्हिएशन या कार्गो विमान कंपनीला अर्ज करायचं जवळपास ठरलंय. पण त्यांची विमानं बोइंगची, ७५७ आणि ७३७-८००, आणि माझ्याकडे बोइंगचं रेटिंग, म्हणजे ते विशिष्ट विमान उडवायची परवानगी, नाही. ते स्वखर्चाने करणं शक्य नाही. सीपीएलचंच (कमर्शियल पायलट लायसन्सचंच) कर्ज अजून फिटतंय.

ओळखीच्या दोन कॅप्टनशी बोललो, पण दोघेही आधीपासून ७३७ वाले, त्यामुळे रेटिंगचा प्रश्न त्यांना आलाच नाही. पगाराचा अंदाज आलाय, त्यावर वेळ घालवू नका. परदेशातल्या कार्गो कंपन्याही सध्या नकोत.

रात्रीच्या उड्डाणांची धास्ती नाही. पार्सलं संध्याकाळी गोळा होणार आणि पहाटे दुसऱ्या शहरात पोचणार, म्हणजे रात्र आपलीच! पण बेस चेन्नई, घर पुण्यात, आणि बायकोची नोकरी हलणारी नाही. सुट्ट्या सलग न मिळता एकेक दिवसाच्या मिळाल्या तर सगळं गणित फसतं.

शिवाय को-पायलटला ६ महिन्यांची नोटीस, त्यामुळे तोंडी आश्वासनावर राजीनामा टाकता येत नाही.

तर एअरबसवरून तिथे गेलेलं कुणी आहे का? रेटिंग कंपनीने करून दिलं का, बाँड (इतकी वर्षं नोकरी सोडायची नाही असा करार) किती वर्षांचा होता, आणि रोस्टरमध्ये सलग किती रात्री लागून मग किती दिवस एकत्र सुट्टी मिळते?