शब्दचर्चा : छेद, अंश आणि ‘काटणे’

वाईकर : सातवीच्या मुलांना ‘छेद’ म्हणजे नुसता खालचा आकडा वाटतो. बीजगणितात तीच मुलं अडतात. शब्दाचा मूळ अर्थ सांगून फरक पडेल का?

कृष्णाकाठ : नक्की पडेल. ‘छिद्’ म्हणजे कापणे. पूर्णाचे किती सारखे भाग केले ते छेद सांगतो, त्यातले किती घेतले ते अंश. वाळवा-पलूसकडे जमीन गुंठ्यांतच बोलली जाते, तेच उदाहरण घ्या. एकर म्हणजे ४० गुंठे. १/४ एकर १० गुंठे, १/५ एकर ८ गुंठे. मुलं अंशात अंश, छेदात छेद मिळवून बेरीज २/९ लिहितात. ४० चे २/९ म्हणजे नऊ गुंठेही भरत नाहीत. दोन तुकडे एकत्र केले आणि रान पाव एकराहूनही कमी झालं! समच्छेद करायचा म्हणजे दोन्ही तुकडे एकाच मापाने मोजायचे. ४ आणि ५ चा लसावि २०, म्हणजे दोन-दोन गुंठ्यांचे वीस भाग. त्यातले ५ आणि ४ मिळून ९/२०, १८ गुंठे.

माणदेशी : बोलीतले शब्दही पक्के करून घ्या. पाऊण म्हणजे पादोन, पाव कमी. ‘पावणेतीन’ला मुलं ३ पूर्णांक ३/४ लिहितात, ते २ पूर्णांक ३/४. सव्वा म्हणजे सपाद. साडेतीनला जुना शब्द औट.

वाईकर : आणि ‘काटणे’? (क्ष + ६)/(क्ष + ३) मध्ये दोन्ही क्ष काटून सर्रास २ उत्तर येतं.

कृष्णाकाठ : घोळ त्या शब्दातच आहे. काटणे म्हणजे खोडणे नव्हे. अंश आणि छेद दोघांनाही एकाच राशीने भागणे. क्ष = १ ठेवून बघा, ७/४ येतं, २ नाही. अधिक-उण्याने जोडलेली ती पदं, गुणाकाराने जोडलेले ते अवयव. काटायचे ते अवयवच. (क्ष² − ९)/(क्ष² + ३क्ष) मध्ये लगेच रेघा मारू नयेत. आधी अवयव पाडा : (क्ष − ३)(क्ष + ३)/क्ष(क्ष + ३). आता (क्ष + ३) जातो, उरतं (क्ष − ३)/क्ष. मात्र क्ष ० किंवा −३ नसावा, हे मूळ छेदावरून ठरवायचं. काटल्यानंतर बघितलं तर −३ निसटतो.

माणदेशी : छेद शून्य असलेल्या राशीला भास्कराचार्यांनी ‘खहर’ म्हटलं आहे. ख म्हणजे शून्य, हर म्हणजे छेद. हिंदीत आजही हरच म्हणतात.

वाईकर : वजाबाकीत चिन्ह चुकतं, त्याला काय सांगावं?

कृष्णाकाठ : अपूर्णांकाची आडवी रेघ कंसाचंही काम करते, हे सांगा. ५/(क्ष − २) मधून (क्ष − ३)/(क्ष − २) वजा करताना अंशात ५ − (क्ष − ३) असा कंस घालूनच लिहायला लावा. उत्तर (८ − क्ष)/(क्ष − २). कंस घालायचा राहिला की ३ चं चिन्ह बदलत नाही आणि अंशात २ − क्ष येतो. मग सगळंच काटून उत्तर −१ निघतं. इतकं सुटसुटीत दिसतं की कुणी पुन्हा तपासतही नाही.