प्लग बसतो, पण फायर दाबलं की चित्र जातं: ९ पिनी रिमोटची अदलाबदल

जुनी_कॅसेट
मंडळी, सामान असं आहे: ६० पिनी कॅसेटचा जुना टीव्ही गेम, सेगा मेगा ड्राइव्ह २, अटारी २६०० ची काळी जॉयस्टिक आणि सुपर निन्टेंडोचं एक सुटं पॅड. टीव्ही गेमच्या दोन्ही रिमोटची रबरं गेलीत. अटारीची जॉयस्टिक टीव्ही गेमच्या ९ पिनी खाचेत तंतोतंत बसते, पण वागते विचित्र. खाली ओढली की गेम आपोआप सुरू होतो, कधी पॉज होतो. फायर दाबलं की टीव्हीवरचं चित्रच जातं, सोडलं की गेम पहिल्यापासून. बिघाड जॉयस्टिकमध्ये आहे की डब्यात? आणि या चौघांत कुणाचं कुणाला चालतं?

नऊपिनी
बिघाड कशातच नाही. आधी जॉयस्टिक काढा आणि फायर पुन्हा दाबू नका.

अटारीच्या जॉयस्टिकमध्ये चिप नसते, नुसते पाच स्विच. पिन १ वर, २ खाली, ३ डावं, ४ उजवं, ६ फायर, आणि ८ ग्राउंड. बटण दाबलं की ती पिन थेट ८ ला चिकटते. तुमचा टीव्ही गेम हा फॅमिकॉमचा (निन्टेंडोच्या जुन्या आठ बिटी गेमचा) क्लोन, म्हणजे नक्कल. ९ पिनी क्लोनमध्ये सर्रास दिसणारी जोडणी अशी: २ डेटा, ३ लॅच, ४ क्लॉक, ६ वर +५ व्होल्ट, ८ ग्राउंड. म्हणजे फायर दाबलं की तुम्ही सप्लाय सरळ शॉर्ट करता! आतला ७८०५ रेग्युलेटर (५ व्होल्ट देणारा तीन पायांचा भाग) करंट मर्यादेत धरतो म्हणून डबा अजून जिवंत आहे, पण जॉयस्टिकची बारीक वायर आणि स्विचची पत्ती त्यावर भाजून निघते.

‘खाली’चं कोडंही यातच सुटतं. फॅमिकॉमच्या रिमोटमध्ये ४०२१ ही शिफ्ट रजिस्टर चिप असते (क्लोनमध्ये बोर्डावरचा काळा थेंब). डबा लॅच देतो (बटणांची स्थिती धरून ठेव, ही खूण), मग आठ वेळा क्लॉक हलवतो (दर वेळी पुढचं बटण) आणि एकाच डेटा वायरवर ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं या क्रमाने वाचतो. वायर खाली खेचलेली, म्हणजे ० व्होल्टवर, की बटण दाबलेलं. तुम्ही ती कायमची ग्राउंड केलीत, त्यामुळे आठही बटणं एकदम दाबल्यासारखी दिसतात, स्टार्टसकट.

सोल्डर_वाला
त्या टीव्ही गेमला तुमचं सुपर निन्टेंडोचं पॅड लावा. भाषा तीच आहे, फक्त आठाऐवजी सोळा बिट (एका बटणाला एक). पहिले आठ डबा वाचतो, उरलेले त्याला माहीतच नाहीत. बी हा ए होतो, वाय हा बी होतो, बाकी जागच्या जागी. एक्स, एल, आर आणि पॅडवरचा ए निकामी.

प्लग विकत आणू नका. मेलेल्या रिमोटची केबल प्लगपासून वीतभर अंतरावर कापा. पाच वायरी लागतील. अस्सल सुपर निन्टेंडो पॅडमध्ये पांढरी +५, पिवळी क्लॉक, नारिंगी लॅच, लाल डेटा, तपकिरी ग्राउंड. नकली पॅडमध्ये आणि क्लोनच्या केबलमध्ये रंगांवर अजिबात विसंबू नका, मीटरची बझर लावून प्रत्येक वायर कुठल्या पिनला जाते ते लिहून काढा.

डब्याकडची बाजूही मोजून घ्या. कॅसेट घालून डबा चालू करा, मीटरचं काळं टोक ७८०५ च्या मधल्या पायाला. लॅच जवळजवळ ० दाखवेल. +५, क्लॉक आणि डेटा ५ च्या आसपास. डेटा ओळखायला १ किलोओमचा रेझिस्टर त्या पिनेवरून ग्राउंडला टेकवा: ज्या पिनेवर टेकवल्यावर गेम स्टार्ट होतो, ती डेटा. वायर थेट टेकवू नका, चुकून +५ ला लागली तर पुन्हा तोच शॉर्ट. सांध्यांवर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) प्रत्येक वायरीला वेगळी चढवा.

उलटा उद्योग, म्हणजे आठ बिटांचं पॅड सुपर निन्टेंडोला, टाळा. निन्टेंडोच्या अस्सल पॅडमध्ये नवव्या बिटापासून डेटा खालीच राहतो, म्हणजे ए, एक्स, एल, आर कायम दाबलेले.

मेगा_मोड
आता सेगा. मेगा ड्राइव्हमध्ये +५ पिन ५ वर येतो आणि ७ ही सिलेक्ट वायर डबा स्वतः हलवतो. तीन बटणी पॅडमधली ७४एचसी१५७ चिप सिलेक्ट वर असताना बी आणि सी दाखवते, खाली असताना ए आणि स्टार्ट. ए आणि स्टार्ट मेलेत पण बी, सी चालतात, असं दिसलं तर चिपला दोष देण्याआधी पिन ७ ची वायर केबल पॅडमध्ये शिरते तिथे तुटली आहे का पाहा.

मेगा ड्राइव्हला अटारीची जॉयस्टिक लावायला धोका नाही, उपयोगही फारसा नाही: फायर म्हणजे ए आणि बी एकदम, स्टार्ट नाहीच. मास्टर सिस्टिमच्या (सेगाच्याच आधीच्या डब्याच्या) पॅडचं दुसरं बटण सी आणि स्टार्ट असं दुहेरी पडतं, त्यामुळे कित्येक गेम उडी मारताच पॉज होतात.

सेगाचं पॅड अटारी २६०० वर मात्र झकास चालतं, बी म्हणजे फायर. तिथे +५ पिन ७ वर असल्याने चिप आडवाटेने करंट खाते. नीट करायचं तर मध्ये छोटी केबल करून अटारीची ७ पॅडच्या ५ आणि ७ दोन्हींना जोडा, अटारीची ५ मोकळी सोडा.

टीव्ही गेम आणि सेगा यांची अदलाबदल कुठल्याच दिशेने नको.

बेसिक_बाबा
मग सेगाचं पॅड कमोडोर ६४ या जुन्या कॉम्प्युटरलाही चालेल ना? पिनांचा क्रम अटारीसारखाच आहे.

मेगा_मोड
थेट लावू नका. कमोडोरमध्ये जॉयस्टिक आणि कीबोर्ड एकाच ६५२६ चिपच्या वायरी वाटून घेतात. साधी जॉयस्टिक वायर फक्त खाली खेचते. सेगाची १५७ चिप ती जोर लावून वरही ढकलते. कीबोर्ड वाचताना ६५२६ तीच वायर खाली खेचत असते. त्या रस्सीखेचीत बहुधा ६५२६ जाते, आणि ती आता सहज मिळत नाही.

उपाय स्वस्त आहे: वर सांगितलेल्या ५-७ च्या केबलमध्येच पिन ३, ४, ६ वर एकेक १एन५८१७ डायोड (करंट एकाच दिशेने सोडतो, व्होल्टेज कमी पाडतो), पट्टीची बाजू पॅडकडे. १ आणि २ पॅडमध्ये चिपमधून जात नाहीत, पण पुल-अप रेझिस्टरमुळे (तो वायर ५ व्होल्टकडे ओढतो) तिथेही डायोड टाकलेला बरा. पॅडची ९ जोडूच नका. १एन४१४८ दुकानात आधी हातात देतील, पण त्यावर ०.६ ते ०.७ व्होल्ट पडतो आणि ‘दाबलं’ समजण्याची हद्द ०.८ आहे, एखादी दिशा मधूनच लागेनाशी होते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत १एन५८१७ नाव सांगूनच मागा.

जुनी_कॅसेट
मोजलं. २, ३, ४, ६, ८ अगदी तुम्ही सांगितलेत तसंच निघालं, पॅड चाललं. फक्त टर्बो (बटण धरून ठेवलं की आपोआप पटापट दाबल्यासारखं होणं) गेला.

सोल्डर_वाला
टर्बो क्लोनच्या रिमोटमध्येच तयार होतो, डब्यात नाही. हवाच असेल तर जुन्या रिमोटचा बोर्ड फेकू नका. रबराखालचे काळे ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि रबराच्या बुंध्याला पेन्सिलीचं शिसं नको, ते झिजून बोर्डावर पसरतं आणि शेजारची बटणं एकत्र लागतात. अशाच दुसऱ्या मेलेल्या रिमोटची चांगली रबरं काढून बसवा.