छोटं पिस्तूल घ्यायचं तर .३२ वर भरवसा ठेवावा का?

मळेकरी निफाड

परवाना हातात असलेल्या आणि अर्ज करून वाट बघणाऱ्या नाशिककरांसाठी लिहितोय. ओळखीतले बागायतदार, सराफ, पेट्रोल पंपवाले सगळे एकच मागतात: खिशात मावेल असं, पण ९ एमएमसारखं दणकट. ९ एमएम विसरा. पोलीस-लष्कराचं ते काडतूस ज्यात चालतं ते हत्यार प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकाला न मिळणाऱ्या नळीच्या मापात मोडतं. आपल्या परवान्यावर खरी निवड .३२ आणि .२२ (नळीची इंचातली मापं) मधलीच.

माझं ठाम मत: .३२ घ्या, पण सगळ्यात छोटं घेऊ नका. .३२ पिस्तुलाची गोळी ७१ ग्रेनची, म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आसपास. तिची ऊर्जा ढोबळमानाने १७० ज्यूल. ९ एमएमची ४५० ते ५००. एवढी कमी ताकद हाताशी असताना नळी आणखी आखूड केली की वेग घटतो. वजन कमी केलं की धक्का वाढतो. नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच जवळ आली की नेमातली बारीक चूकसुद्धा लांबवर मोठी होते. .३२ मध्ये गोळी लागली कुठे यावर सगळं आहे, आणि आपण नेमकं तेच खिशाच्या मापासाठी घालवतो.

गंगापूर रोड

साफ असहमत. .३२ ऑटोचं, म्हणजे .३२ पिस्तुलाचं काडतूस बंदूक-रचनाकार ब्राउनिंगने १८९९ च्या सुमारास काढलं. सव्वाशे वर्षांपूर्वीचं काडतूस नागरिकाला देऊन "नेम सुधारा" म्हणणं अन्यायाचं आहे. घरात घुसणाऱ्याकडे गावठी कट्टा कुठल्याही बोअरचा असतो, तो कुणाची परवानगी घेत नाही. कायदा पाळणाऱ्यालाच कमी ताकदीचं हत्यार का? मागणी करायची तर ९ एमएम खुलं करा ही करा. .३२ चं समर्थन करून तुम्ही ती मागणीच बोथट करताय.

मळेकरी निफाड

मागणी जरूर करा दादा, सही माझीही घ्या. पण उद्या रात्री कडी वाजली तर हातात काय असेल? आणि ९ एमएम म्हणजे खात्री, हेही खरं नाही. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. सुरुवातीलाच एकाला ९ एमएमची गोळी लागली. दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडे थांबली. तो लढतच राहिला. दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले. त्यानंतर एफबीआयने गोळी किती खोल जाते याचं मोजमाप ठरवलं: शरीराऐवजी चाचणीला वापरतात त्या जिलेटिनमध्ये १२ ते १८ इंच. आधी १० एमएम, मग .४० असे मोठे बोअर घेतले, आणि २०१५ च्या सुमारास पुन्हा ९ एमएमवर आले. एक मोठं कारण म्हणजे कमी धक्क्यामुळे जास्त जणांचा नेम चांगला लागत होता. म्हणून .३२ मध्ये टोकाला पोकळ असलेल्या गोळीमागे लागू नका. ती फुलली तर खोल जात नाही, आणि आखूड नळीतून अनेकदा फुलतही नाही. साधी गोल टोकाची, पूर्ण आवरणाची गोळी बरी.

सराफबाजार

मी दुकान सांभाळते, म्हणून विचारते. दादा, तुम्ही मनगटाचा विचार केलात का? .३२ चं छोटं पिस्तूल मी डीलरकडे हातात घेतलं. स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढताना जीव गेला. साध्या ब्लोबॅक पिस्तुलाची (ज्यात स्लाइडला वेगळी कडी नसते) स्प्रिंग कडक असते, गोळीचा धक्का स्लाइडचं वजन आणि ती स्प्रिंगच अडवतात. रिव्हॉल्व्हरला स्लाइड नाही, पण चाप जड. इशापूर कारखान्याचं 'निडर' हे .२२ रिव्हॉल्व्हर आहे, अडीचशे ग्रॅमच्या आसपास. मला तेच जमेल असं वाटतं. जे हातातच बसत नाही त्याच्या ज्यूलचं मी काय करू?

मळेकरी निफाड

ताई, तुमचा मुद्दा वजनदार आहे, तरी .२२ ला माझा विरोध आहे. त्यात ठिणगीचं रसायन काडतुसाच्या कडेला असतं, त्यामुळे न फुटण्याचं प्रमाण मध्यभागी पिन बसणाऱ्या काडतुसापेक्षा जास्त. तुमच्यासाठी .३२ रिव्हॉल्व्हर सुचवेन. एखादं काडतूस फुटलं नाही तर पुन्हा चाप ओढा, पुढचं काडतूस समोर येतं. घोडा (काडतुसावर आपटणारी मागची हातोडी) आधी मागे चढवला तर चाप हलका होतो, पण घाबरलेल्या हातात तसं हत्यार धोक्याचं, तेव्हा सराव जड चापाचाच करा. २०१४ चं .३२ रिव्हॉल्व्हर 'निर्भीक' पाचशे ग्रॅमच्या थोडं वर आहे, मला ते हलकंच वाटतं. कानपूरचं २०२३ चं 'प्रबल' त्याहून जड आहे आणि त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं. दोन्ही स्वतः हातात घेऊन, रिकामा चाप ओढून बघा. आणि एक लक्षात ठेवा: रिव्हॉल्व्हरचं .३२ आणि पिस्तुलाचं .३२ ही दोन वेगळी काडतुसं. दुकानात नुसतं "बत्तीस द्या" म्हणू नका.

देवळाली कॅम्प

बोअरवर एवढी चर्चा आणि सरावावर दोन ओळी? परवान्याच्या कोट्यातली काडतुसं वर्षानुवर्षं कपाटात पडलेली असतात. जुनी, दमट हवेतली काडतुसं घेऊन कसलं संरक्षण? दरवर्षी जुनी रेंजवर झाडा, नवी घ्या. मग .३२ की .२२ यावर बोलू.

निवृत्त ठाणे अंमलदार

मी .३२ वाले आणि ९ एमएमवाले, दोघांच्याही विरोधात आहे. शहरात आयुक्तालयात आणि ग्रामीणला जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करताना सगळे "जिवाला धोका" लिहितात. मळ्यातल्यांच्या मनात मात्र बिबट्या असतो. वन्यजीव कायद्यात स्वतःचा जीव वाचवताना प्राणी मारला गेला तर गुन्हा नाही, हे खरं. पण .३२ ने बिबट्या जागेवर पडेल या भरवशावर राहू नका. जखमी होईल, उसात शिरेल, आणि सकाळी ऊसतोडीची बाई त्याच्यासमोर येईल. त्यासाठी टॉर्च, बंदिस्त गोठा आणि वनखात्याला फोन.

माणसावर झाडलीत तर भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ वाचलेली असू द्या. गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हक्क कुणाला नाही. चोर पळत सुटल्यावर पाठीत गोळी घातली तर बोअर कुठलंही असो, तुम्ही आरोपी. माझा सल्ला: परवाना मागण्याआधी दाराला लोखंडी जाळी आणि अंगणात दिवा.

मळेकरी निफाड

काका, जाळी आहे, दिवा आहे, कुत्रीही आहेत. बिबट्याबद्दल तुमचा शब्द शिरसावंद्य. पण आमची वस्ती गावापासून आत आहे, मदत यायला वेळ लागतो, आणि द्राक्षाचा हिशेब झाला की घरात रोकड असते हे परिसराला माहीत असतं. पाठीत गोळी घालायला कुणी परवाना घेत नाही. दार तोडून माणूस आत आलाय आणि मागे मुलं आहेत, तेवढ्या वेळेसाठी घेतो.

गंगापूर रोड

आणि नेमक्या तेवढ्या वेळेसाठी तुम्ही त्याला १७० ज्यूल देताय. मी अजूनही असहमत.

सराफबाजार

शनिवारी डीलरकडे जाते. आधी जड रिव्हॉल्व्हर बघते, मग निडर. चाप सलग सहा वेळा ओढता आला तरच .३२, नाहीतर माझं .२२ पक्कं.