मदत हवी: गच्चीचं पाणी ड्रममध्ये साठवू की जुन्या विहिरीत सोडू? (नागपूर)

नमस्कार मंडळी,
नवतपा (मे अखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू आहे. पाऊस यायच्या आत हे काम उरकायचं आहे, म्हणून विचारते.

मानेवाड्याकडे आमचं बैठं घर आहे. स्लॅब साधारण 500 चौरस फूट, पाणी उतरायला कोपऱ्यात एकच पाइप. अंगणात लिंबू, कढीपत्ता, दोन मोगरे. पावसाळ्यानंतर वांगी आणि सांबार (कोथिंबीर) लावते. जमीन काळी, चिकण. मे महिन्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. पेंच धरणावरून आणून शुद्ध केलेलं नळाचं पाणी झाडांना घालताना माझा हात आखडतो.

गेल्या वर्षी पाइपाखाली 200 लिटरचा निळा ड्रम ठेवला. पहिल्याच जोरदार सरीत भरला, बाकी सगळं पाणी नालीत. मग झड लागली, तेव्हा झाडांना पाणी नकोच होतं. ड्रममधलं पाणी हिरवं झालं, वास मारायला लागलं, अळ्या वळवळताना दिसल्या. घरात लहान नातू आहे, डेंग्यूच्या भीतीनं सगळं ओतून दिलं. नंतर पावसानं दडी मारली तेव्हा ड्रम रिकामा. फार लागलं मनाला.

मागे सासऱ्यांच्या काळातली विहीर आहे, अंदाजे 35 फूट. फेब्रुवारीपर्यंत पाणी असतं, मग तळ दिसतो. पाच हजारांच्या आत काय करता येईल? आणखी ड्रम घेऊ, की पाइप विहिरीकडे वळवू? शेजारी म्हणतात पाइपाजवळच शोषखड्डा खणा, पण भिंतीला लागून खड्डा करायला मन धजत नाही.

प्रतिसाद 1
ताई, शोषखड्डा नकोच. काळी माती पाणी हळू पिते, फुगते आणि वाळली की आकसते. पायाजवळ हा खेळ नको.

विहीर आहे हे तुमचं भाग्य. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तुमची स्लॅब 46 चौरस मीटर. वर्षाचा पाऊस ढोबळ 1000 मिलिमीटर धरला आणि वाया जाणारं वजा केलं, तरी 35 हजार लिटरच्या वर जातं. दोन ड्रम त्यातलं 400 धरतील.

एका जुन्या ड्रमच्या बुडाला भोकं पाडा. खाली मोठे दगड, वर गिट्टी, मग नायलॉनची जाळी आणि धुतलेली जाड रेती. पाइप त्यात सोडा, खालून विहिरीत. फक्त स्लॅबचं पाणी, अंगणातलं किंवा मोरीचं अजिबात नाही. पाइपाला टी लावून एक फाटा बाहेर काढा. मृगाच्या पहिल्या पावसात त्याचं बूच उघडं ठेवा, उन्हाळ्याची धूळ आणि पाखरांची घाण त्यातून जाऊ दे. आणि सेप्टिक टँक विहिरीपासून किती लांब आहे?

प्रतिसाद 2
वरचं सगळं पटलं, पण ड्रम टाकून देऊ नका. श्रावणातल्या उघडिपीला तोच कामी येतो. बाहेरून गडद रंग द्या, उजेड गेला नाही की शेवाळ धरत नाही. तोंडाला आणि जादा पाणी जाण्याच्या भोकाला मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधा. डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा रिकामा करून आतून घासा, अंडी कडेला चिकटतात. विटांवर ठेवणार असाल तर खाली फरशी पक्की हवी, भरल्यावर 200 किलो होतो. तोटी बुडापासून चार बोटं वर, म्हणजे गाळ खालीच राहतो.

माझ्याकडे कूलर आवरला की त्याची टाकीही मी अशीच वापरतो, जाळी बांधून.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. सेप्टिक टँक घराच्या पुढच्या बाजूला, विहिरीपासून 60 फूट तरी असेल. पाणी फक्त झाडांनाच वापरणार. रविवारी प्लंबरला बोलावते. एकच शंका: पाइप विहिरीच्या काठापर्यंत आणून सोडला तर चालेल का?

प्रतिसाद 1
काठावरून नको. एवढ्या उंचीवरून धार पडली की तळाचा गाळ ढवळतो, कठडाही खचतो. पाइप आत, खालपर्यंत उतरवा आणि भिंतीला क्लिपा मारून घ्या. विहिरीवर बारीक जाळीही टाका, नाहीतर अळ्या तिथे होतील.